विजयकरांकडची पाच झाडं

डिसेंबर उजाडला तसं राजलक्ष्मीबाईंनी मनाशी पक्कं करून टाकलं, यंदा माळ्यावरचं काहीही खाली काढायचं नाही.

ठाकूरद्वारच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर विजयकरांच्या चार प्रशस्त खोल्या. घर पाठारे प्रभूंचं, देव्हाऱ्यात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. पण डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की या घरात एक नाही, दोन नाही, चांगली पाच ख्रिसमसची झाडं उभी राहायची. कारण इतकंच की मनमोहन विजयकर विमान कंपनीत तेहतीस वर्षं पर्सर, म्हणजे विमानातल्या सेवकांचे प्रमुख होते. ज्या गावी विमान उतरेल तिथून झाडावर टांगायची एक तरी वस्तू आणायची, हा त्यांचा नेम होता. सुरुवातीला सगळं एका झाडावर मावायचं. मग मावेना. मग त्यांनी खंड वाटून घेतले. दिवाणखान्यातलं सात फुटी झाड युरोपचं, मुलांच्या खोलीतलं अमेरिकेचं, पॅसेजमध्ये आफ्रिका, जेवणघरात आशिया, आणि देवघराच्या दाराशी एक बुटकं झाड भारताचं. त्यावर गोव्याचे शिंपले आणि क्रॉफर्ड मार्केटातले चमकते गोळे.

सगळी वाडी बघायला यायची. गणपतीच्या दर्शनाला यावं तशी पोरं जिन्यात रांग लावायची, आणि मनमोहनराव हातात छडी घेऊन एकेक वस्तू दाखवायचे. "हा प्रागचा काचेचा पक्षी. फुंकून केलाय, साचा नाही." लोक म्हणायचे, काय हौस आहे या माणसाला!

हौस त्यांची होती. बाकी सगळं राजलक्ष्मीबाईंचं. माळ्यावरून खोकी उतरवायची, फांद्या उघडून एकेक पुसायची, चारशेच्या वर वस्तू कागदातून सोडवायच्या, आल्यागेल्याला करंजीसारख्या खुसखुशीत शिंगड्या नि चहा द्यायचा, आणि सहा जानेवारीनंतर हीच उस्तवार उलट्या क्रमाने करायची. शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी हे केलं, निवृत्तीनंतरही केलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "यांचा आनंद."

यंदा ऑगस्टमध्ये, गणपतीला आठ दिवस उरलेले असताना, मनमोहनराव सकाळी दाढी करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेहतीस वर्षं चार भाषांत घोषणा करणाऱ्या माणसाकडे एकच शब्द शिल्लक राहिला. बरोबर. चहा हवा का? बरोबर. नको का? बरोबर. पाठ दुखते, पंखा बंद करा, मुलीचा फोन आलाय, सगळ्याला बरोबर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना कळतं बहुतेक सगळं, बाहेर पडताना शब्द चुकतो. शिवाय भावनांचा लगाम सैल झालाय, कधी उगाच हसतील, कधी उगाच रडतील, मनाला लावून घेऊ नका.

राजलक्ष्मीबाईंनी मनाला लावून घेतलं नाही. तेवढी ताकदच उरली नव्हती. सदुसष्टाव्या वर्षी एका भरल्या अंगाच्या माणसाला कुशीवर वळवायचं, उठवायचं, भरवायचं. दिवसा आजाऱ्याचं बघायला चिंचपोकळीहून राधाबाई यायच्या, म्हणून जरा तरी टेकता यायचं. मुलगा अनिमेष बंगळूरला, मुलगी ऋग्वेदा मेलबर्नला. दोघं रोज फोन करायची आणि रोज एकच सांगायची, "आई, स्वतःची काळजी घे." ती कशी घ्यायची हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

आणि नेमका संघर्षने घोळ घातला. संघर्ष म्हणजे फिजिओथेरपिस्ट, वरळीच्या बीडीडी चाळीतला, कामात चोख. आठवड्यातून तीनदा यायचा. मनमोहनरावांच्या उजव्या हाताची बोटं थोडी थोडी हलायला लागली होती. चिमटीत पकडायचा सराव हवा होता, आणि ते चेंडू नि कपड्यांचे चिमटे बघितले की तोंड फिरवून बसायचे. एके दिवशी संघर्षची नजर भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे गेली.

"आजी, ही एवढी सगळी झाडं तुमच्याकडचीच? मग हाच व्यायाम ना! एकेक वस्तू उचलायची, आकडा फांदीत अडकवायचा. आजोबांच्या आवडीचं आहे, करतील ते."

"अरे, माळ्यावर आहे सगळं," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "आणि ते उभं कोण करणार?"

"बरोबर!" मनमोहनराव खुर्चीतून ओरडले. डोळे असे चमकले होते की ऑगस्टपासून तसे चमकले नव्हते. आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. राजलक्ष्मीबाईंना मनातून संघर्षचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि राग करायचाही कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी इमारतीचा म्हातारा वॉचमन लवू शिडी घेऊन वर आला आणि कण्हत कुथत सोळा खोकी खाली उतरवून गेला. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. राधाबाईंनी पदर खोचला आणि दोघींनी मिळून युरोपचं झाड उभं केलं. एवढ्यानेच राजलक्ष्मीबाईंची कंबर धरली.

मनमोहनरावांची खुर्ची झाडाशी नेली. त्यांनी पहिली वस्तू उचलली, लाकडाचा रंगीत डुलता घोडा. आकडा फांदीत जाईना. हात थरथरायचा, घोडा हलायचा. राजलक्ष्मीबाई फांदी धरून उभ्या होत्या, पाच मिनिटं, सात मिनिटं. नुसतं उभं राहणं राधाबाईंना जमेना.

"बाईनू, ह्यो घोडो खयचो हो?"

मनमोहनरावांनी तोंड उघडलं. ओठ जुळवले. "ब... बरोबर," ते म्हणाले आणि चिडून मान हलवली.

"फ्रँकफर्टचा," राजलक्ष्मीबाईंनी त्यांच्यासाठी सांगितलं. आणि त्याच दमात, काही न ठरवता, पुढचं तोंडातून गेलं. "अनिमेष जिन्यावरून पडला होता तेव्हाचा. खांद्याचं हाड मोडलं. सहा वर्षांचा पोर, कळवळत होता. ऋग्वेदाला कडेवर घेतलं, त्याला दुसऱ्या हाताने धरलं आणि टॅक्सी शोधत चर्नी रोडपर्यंत गेले."

"आणि साहेब?"

"साहेबांनी घोडा आणला."

राधाबाई हसल्या, मग हसू आवरून मनमोहनरावांकडे बघू लागल्या. ते बायकोकडे बघत होते. घोडा अडकला होता फांदीत, पण त्यांचा हात तिथेच राहिला होता.

राजलक्ष्मीबाईंना वाटलं, आपण बोलायला नको होतं. मग वाटलं, का नको? पुढची वस्तू पत्र्याची लाल बस, लंडनची. ती हातात येताच त्या म्हणाल्या, "ही माझे वडील गेले तेव्हाची. हे आले चौदाव्या दिवशी." आवाजात तक्रार नव्हती. वर्गात हजेरी घ्यावी तशा त्या सांगत होत्या. पन्नासेक वस्तू झाडावर गेल्या त्या दिवशी, म्हणजे त्यातल्या आठ मनमोहनरावांच्या हातून आणि बाकीच्या या दोघींच्या. प्रत्येकीला गाव होतं, आणि गावाला गिरगावातली एक तारीख चिकटलेली होती. मुलांचे गोवर. सासूबाईंचा मोतीबिंदू. ऋग्वेदाच्या पहिल्या नाचाला रिकामी राहिलेली खुर्ची. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. कुठेही लिहून ठेवलेलं नसताना एवढं सगळं डोक्यात जसंच्या तसं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी राधाबाई स्वयंपाकघरात पेज ढवळत होत्या. दिवाणखान्यात दोघंच. मनमोहनरावांनी कागद सोडला तर आतून काचेचा देवदूत निघाला, अंगठ्याएवढा, पंखांना सोनेरी कड. रोमचा.

राजलक्ष्मीबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि तशाच खोक्यावर बसल्या.

"याचं सांगू?" त्या म्हणाल्या. "दादरच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा होती, आठवतं? मी मुलाखत दिली होती. तुम्ही रोमला होतात."

"बरोबर."

"तुम्ही आल्यावर विचारलंत, काय झालं. मी म्हटलं, नाही झालं, दुसऱ्या कुणाला घेतलं." बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. "ते खोटं होतं. मला घेतलं होतं. पत्र आलं होतं घरी. सकाळी सातला जायचं नि संध्याकाळी सहाला यायचं. सासूबाई अंथरुणाला, मुलं शाळेत, तुम्ही महिन्यातले पंधरा दिवस हवेत. मीच कळवलं, जमणार नाही म्हणून. गिरगावच्या पोस्टात जाऊन पत्र टाकलं आणि येताना भाजी घेऊन आले."

मनमोहनराव बघत राहिले.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, घे की, करू काहीतरी. आणि ते काहीतरी मलाच करायला लागलं असतं. म्हणून नाही सांगितलं. पण मग तुम्ही चारचौघांत बोलायला लागलात. हिला घेतलं नाही त्या करंट्यांनी! अठ्ठावीस वर्षं ऐकतेय मी ते. प्रत्येक नाताळला, हा देवदूत दाखवताना. मला वाईट वाटू नये म्हणून बोलता, कळायचं मला. पण लोकांना वाटायचं, बाईत काहीतरी कमी असणार."

"बरोबर," ते म्हणाले.

"काय बरोबर?" राजलक्ष्मीबाईंचा आवाज चढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "काय बरोबर आहे त्यात?"

मनमोहनरावांचे ओठ हलले, काहीतरी वेगळं म्हणायला धडपडले, आणि तोच शब्द पुन्हा बाहेर आला. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते रडायला लागले. मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. राजलक्ष्मीबाई उठल्या, टॉवेल आणला, तोंड पुसलं, पाणी पाजलं. कालही ते रडले होते, टीव्हीवरची साबणाची जाहिरात बघून. परवा बातम्या बघताना. हे रडणं कुठलं, आजाराचं की त्यांचं स्वतःचं, कसं ओळखायचं?

त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं वाटायचं, हे एकदा बोलून टाकलं की मोकळं वाटेल. बोलून झालं, आणि तसं काहीही झालं नाही. गुडघे तेवढेच ठणकत होते. आतून राधाबाई विचारत होत्या, पेज आता भरवू का नंतर.

त्यानंतर दोन दिवस त्यांनी झाडाला हात लावला नाही. संघर्ष आला, अर्धवट झाड बघितलं आणि शहाण्यासारखं काही विचारलं नाही. बोटांची हालचाल मात्र त्याने तपासली आणि म्हणाला, "आजोबा, लय भारी. चिमूट जमायला लागली."

तिसऱ्या दिवशी सकाळी राजलक्ष्मीबाई आंघोळ करून आल्या तर मनमोहनरावांच्या मांडीवर एक खोकं होतं. राधाबाई म्हणाल्या, "मी नाय दिलंय बाईनू. खुर्ची डाव्या पायान ढकलीत सोताच गेले थंयसर." मनमोहनरावांनी खोक्यातून एक पितळी घंटा काढली, अमेरिकेची, आणि वर धरून बायकोकडे बघू लागले.

"आता नको," त्या म्हणाल्या. "मी दमलेय हो. एक झाड पुरे यंदा."

घंटा तशीच वर.

"झाड लावायचंय?"

"बरोबर."

"की ऐकायचंय?"

"बरोबर."

त्यांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी घंटा काढून घेतली आणि खोक्यात ठेवली. मनमोहनरावांनी ती पुन्हा काढली. या वेळी डावा हात पुढे करून त्यांनी बोट थेट राजलक्ष्मीबाईंच्या ओठांना लावलं. आणि ते बोट मग स्वतःच्या कानाला.

राजलक्ष्मीबाई स्टूल ओढून बसल्या.

अमेरिकेचं झाड असं सुरू झालं. या झाडाला वेळ लागला, कारण आता मनमोहनराव घाई करू देत नव्हते. वस्तू वर धरायची, ऐकायचं, मगच आकडा अडकवायचा. दिवसाला दहा, फार तर बारा. सगळ्याच आठवणी दुःखाच्या नव्हत्या. एका टोपीवाल्या बाहुल्याला त्या म्हणाल्या, "तेव्हाचं काही आठवत नाही. काही झालंच नसेल. कोबीचं भानोलं भाजलं असेल, खाल्लं असेल, झोपलो असू." मनमोहनराव थांबले. त्यांनी बाहुला पुन्हा वर धरला.

"अहो खरंच काही नाही! सगळ्या दिवशी काय आभाळ कोसळतं का?"

तेव्हा ते हसले. आणि त्यांच्या हसण्याने धीर येऊन राजलक्ष्मीबाईंनी एक गोष्ट सांगितली जी त्यांनी स्वतःलाही नीट सांगितली नव्हती.

"खरं सांगू? तुम्ही गेलात की आम्ही मोकळे व्हायचो. तुम्ही घरी असलात की दिवसा झोपायचात, मुलांनी आवाज करायचा नाही, कुकरची शिट्टी करायची नाही. तुम्ही विमानात बसलात की संध्याकाळी आम्ही तिघं चौपाटीवर. कुल्फी खायची, वाळूत लोळायचं. घरी येऊन पाय न धुता गाद्यांवर उड्या. ऋग्वेदा विचारायची, बाबा परत कधी जाणार?"

मनमोहनरावांचं हसू हळूहळू ओसरलं. राजलक्ष्मीबाईंनी विषय बदलला नाही आणि सारवासारवही केली नाही. तशी करायची त्यांना फार सवय होती. पण त्यालाही अंगात बळ लागतं. थोड्या वेळाने मनमोहनरावांनी स्वतःच पुढची वस्तू उचलली.

चोवीस तारखेला अनिमेष आला. दारातच बॅग टाकून त्याने आईकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "आई, किती वाळलीस तू!" फोनवर हे दिसत नव्हतं त्याला. युरोपचं उरलेलं राधाबाईंनी पूर्ण केलं होतं, अमेरिका अर्ध्यावर, भारताचं झाडही त्यांनीच आपल्या मनाने सजवलं होतं आणि वर स्वतःच्या बांगड्या अडकवल्या होत्या. आफ्रिका आणि आशिया खोक्यातच.

नाताळच्या सकाळी वाडीतली मंडळी आली, दरवर्षीपेक्षा कमी. खालच्या मजल्यावरची नूपुर आपल्या मुलीला घेऊन आली. तिने पॅसेजमध्ये डोकावून विचारलं, "काकू, आफ्रिका कुठेय?"

"यंदा आफ्रिका नाही," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "शिंगड्याही नाहीत. चहा राधाबाई देतील." आणि त्या आरामखुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे डोळेच मिटले. लोक दबक्या पावलांनी झाडं बघत होते, नूपुरची मुलगी "हा घोडा कुठला?" विचारत होती, आणि राजलक्ष्मीबाई भरल्या घरात, पाहुण्यांच्या देखत, तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. जन्मात असं झालं नव्हतं.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. अंगावर कुणीतरी शाल घातली होती. अनिमेष समोर बसला होता.

"मी केळव्याला जाते," त्या म्हणाल्या. आपण हे म्हणणार आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "मावशीकडे. आठ दिवस."

"आई, पण बाबा? माझं परवाचं विमान आहे."

"ते बदल. तुला घरून काम करता येतं, तूच सांगत असतोस. दिवसा राधाबाई आहेत, संघर्ष येतो. कुशीवर कसं वळवायचं ते आज दाखवते. जड आहेत, कंबर सांभाळ."

अनिमेषने वडिलांकडे बघितलं, जणू ते काही तोडगा सांगतील. राजलक्ष्मीबाईंनीही बघितलं. "जाऊ ना?" त्यांनी विचारलं आणि लगेच मनाशी म्हणाल्या, कशाला विचारलं, उत्तर ठरलेलंच आहे.

मनमोहनराव काही बोललेच नाहीत. त्यांनी उजवा हात उचलला, कष्टाने, खांद्याच्या वर जेमतेम, आणि कपाटाच्या माथ्याकडे दाखवला. तिथे त्यांची कामावरची निळी चाकांची बॅग होती. अनिमेषने ती खाली काढली. धुळीचा थर होता. मनमोहनरावांनी खुणेने फडकं मागितलं आणि ती बॅग ते स्वतः पुसत बसले, उजव्या हाताने, संध्याकाळ होईपर्यंत.

केळव्याला पोचल्यावर राजलक्ष्मीबाई दोन दिवस नुसत्या झोपल्या. मधे उठायच्या, बहीण वाढेल ते खायच्या, पुन्हा आडव्या व्हायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी अनिमेषचा फोन आला.

"आई, बाबांनी मला आफ्रिकेचं झाड उभं करायला लावलंय. म्हणजे खुणेने. आणि ते एकेक वस्तू वर धरून माझ्याकडे बघत बसतात. मला कळत नाही काय हवंय त्यांना. मी म्हणतो, बाबा, हा नैरोबीचा झेब्रा, बरोबर? तर रागावतात."

"तू तेव्हा काय करत होतास ते सांग."

"कधी?"

"ते झेब्रा आणायला गेले होते तेव्हा. दहावीत असशील तू."

 अनिमेष म्हणाला, "ते मी कधी कुणाला सांगितलं नाहीये."

"मग त्यांना सांग," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "मला नको सांगू आत्ता, मी झोपतेय."

त्यांनी फोन ठेवला. परसात माडांची सावली अंगणभर पसरली होती. स्वयंपाकघरातून बहिणीने हाक मारली, चहा झालाय. राजलक्ष्मीबाईंनी हो म्हटलं, पण त्या उठल्या नाहीत. अजून पाच दिवस होते. त्या कुशीवर वळल्या आणि त्यांनी चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली.